जोडीबाहेरची खोप

१८ ऑक्टोबर २०१०, सोमवार

माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. आवाज गोड होता, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट सांगणार.

"किशोरी, प्रबंधाची तीन प्रकरणं उत्तम झालीत. चौथं काढून टाक. तेरा डिसेंबरला सकाळी बांधलेली प्रत माझ्या टेबलावर ठेव, मी सही करतो. त्याच महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त होतोय. चौथ्यासकट आणलीस तर सही करणारा दुसरा कोणी शोध."

दुसरा कोणी म्हणे. ह्या विषयाचा दुसरा माणूस काय मालवणच्या बाजारात मिळतो? पीएचडी झाली नाही तर कणकवलीच्या कॉलेजात मी जन्मभर तासावारीच शिकवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर एवढे गोड बोलले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आईने विचारलं काय झालं, तर तिच्यावरच ओरडले.

नाही काढणार. आज तारीख टाकून लिहून ठेवते, नाही काढणार.

१९ ऑक्टोबर

डोकं थंड झाल्यावर पुन्हा लिहिते, म्हणजे भांडण कशावरून आहे ते माझं मलाच स्वच्छ राहील.

काही पदार्थ आतून वीज जाऊ देत नाहीत, पण कडेकडेने जाऊ देतात. अशा पदार्थांची जातवारी लावायची, हे माझं काम. आतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी घ्यायची, हळूहळू बदलत न्यायची, मध्ये कुठे फाटू द्यायची नाही. हवी तेवढी साधी, बिनकामाची भर घालायला मुभा. एवढं करून एका मांडणीची दुसरी झाली, तर दोन्ही एकाच जातीच्या. हे मोजायची गणिती रीत म्हणजे के-थिअरी. तीन मितींच्या पदार्थांच्या एका मोठ्या जातीला ती एक ठळक आकडा देते आणि त्याच्या पाठीशी तीन बारके. ठळक्याला सगळे मान देतात. बारक्यांचं नावच 'वीक', म्हणजे दुबळे, पाडून ठेवलंय. नाव ठेवणाऱ्यांचे हात कोण धरणार?

माझं चौथं प्रकरण ह्या बारक्यांवर आहे. ते ज्या पदार्थात असतात तो थरावर थर रचल्यासारखा समजायचा. प्रत्येक थराच्या कडेने विजेला एक वाट. शेजारचे दोन थर जुळले की त्या दोघांच्याही वाटा बंद. सर म्हणतात, पदार्थात जरा घाण मिसळली की सगळा सारखेपणा जातो, थर दोन-दोन करून जुळतात आणि कड मरते. मी म्हणते, घाणीने कड मरत नाही. कॉम्प्युटरवर चालवून बघितलं, मरत नाही. पण का मरत नाही, ते मला दाखवता येत नाही.

"आकडेमोड म्हणजे सिद्धता नव्हे," सर म्हणाले. ते खरं आहे, आणि म्हणूनच राग दुप्पट येतो.

२२ नोव्हेंबर

देवाचा कौल झाला. ह्या वर्षी गावपळण. नऊ डिसेंबरला, गुरुवारी, सगळा गाव माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन शिवेबाहेर जाणार. तीन रात्री बाहेर काढायच्या, चौथ्या दिवशी सकाळी देवाला विचारायचं. कौल उजवा पडला की घरी. तोवर गावात चूल नाही, दिवा नाही, कोणाचं पाऊल नाही.

मी हिशेब घातला. रविवारी बाराला सकाळी परत, संध्याकाळी कणकवलीहून गाडी, सोमवारी सकाळी सरांच्या टेबलाशी. बाबांना विचारलं, कौल उजवाच पडतो ना? बाबा जाळं शिवत होते. म्हणाले, "माज्या जल्मात डावो पडलेलो आयकलंय नाय."

सरांच्या टेबलाशी चार प्रकरणं घेऊन जाणार, हे लिहायलाच हवं.

१ डिसेंबर

तास संपवून कणकवलीत बायंडरकडे गेले. तीन प्रकरणांची एक प्रत बांधून घेतली.

नुसती जवळ असावी म्हणून. बांधली म्हणजे दिली असं थोडंच होतं? चौथं अजून कच्चंच आहे, कच्चं कसं बांधणार? पाठीवर सोनेरी अक्षरं टाकू का, म्हणून त्याने विचारलं. टाका म्हटलं. त्यात काय एवढं.

आईला प्रत दाखवली. ती वाचता येत नसलेल्या इंग्रजीवरून बोट फिरवत राहिली. मग हात धुऊन आली आणि देवाच्या फळीवर हळदकुंकवाच्या डब्याशेजारी ठेवली. "ह्या दिलंस की झाला मा?" म्हणाली. मी हो म्हटलं. नाहीतर काय सांगणार होते तिला?

९ डिसेंबर, गुरुवार

गाव सुटला. आमचं बिऱ्हाड व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, माळावर. माडाच्या झापांच्या खोपी, म्हणजे झोपड्या, ओळीने उभ्या राहिल्या, एका टोकाला खाडीचं तोंड, दुसऱ्या टोकाला आंब्याची बाग. सगळ्यात मजेची म्हणजे आमच्या गावची जुळी चूल. शिवेबाहेर सरपण पुरवून वापरायचं, म्हणून शेजारशेजारच्या दोन खोपींत मिळून एकच चूल. दोनच, तिसरी घ्यायची नाही. कधीपासून ते कोणाला माहीत नाही. सोनेरी प्रत मी फळीवरच ठेवून आले. रविवारी घरी जायचंच आहे. चौथ्याची कच्ची पानं तेवढी पिशवीत घेतली.

घोटाळा असा झाला की आम्ही मासेमार खारवी लोकांनी खाडीकडून जोड्या लावत यायला सुरुवात केली आणि शेतीवाल्यांनी बागेकडून. दोघे मध्ये भेटले तेव्हा एक खोप उरली, शेवंती आतेची. अलीकडे आम्ही आणि हिराकाकी एका चुलीवर, पलीकडे मंगेश आणि बाबलीकाका दुसऱ्या चुलीवर. मध्ये आते एकटी, आपल्या तीन दगडांपाशी, बाजूला टोपलीत तिचं काणं मांजर.

आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. देवगडला दिलेली, वर्षाच्या आत आपल्या पायांनी परत आली, का ते कोणाला सांगितलं नाही. भावाच्या घरात राहिली नाही, स्वतःची मासळीची पाटी, स्वतःचं घर. मला तिचं वाईट वाटलं. जाऊन म्हटलं, आते, तू एकटीच उरलीस गो.

"उरलंय कित्याक? बसलंय," ती म्हणाली. "चाय घेतलंस?"

१० डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी आईला राहवेना. नणंद एकटी बसली आहे, लोक काय म्हणतील. तिने आतेला बळंच आमच्या चुलीवर आणलं. मग हिराकाकी उठली. तिघांची चूल चालत नाही, आणि तिला तेवढंच निमित्त हवं होतं, आमचं कालवण तिला तिखट लागतं. ती खाडीच्या बाजूच्या सीताकडे गेली. तिथून सीताची जोडीदारीण सुटली, ती त्याच्या पुढच्या चुलीवर. असं करत करत दुपारपर्यंत उरलेली खोप खाडीच्या तोंडाशी जाऊन पोचली. तिथला काशीराम भाकरी थापायचं सोडून शिव्या देत ओळीभर फिरला, माझा जोडीदार कोणी उठवला म्हणून विचारत. बाबा आईवर भडकले. शेवटी आते आपला तवा उचलून आपल्या दगडांकडे परत गेली आणि सगळे उलट एकेक घर सरकत जागेवर आले.

तिकडे मंगेश आणि बाबलीकाकाचं कोंबडीवरून वाजलं. चूल मोडली, तर तिथे आणखी दोन खोपी एकट्या.

मी पिठाच्या हाताने उभी होते. एकदम दिसलं.

उरलेली खोप मिटत नाही. जोडी लावायला गेलात की ती नुसती एक चूल पुढे सरकते. सगळ्या ओळीने एकाच टोकापासून जोड्या लावल्या असत्या तर मध्ये कोणी उरलंच नसतं, फार तर शेवटच्या टोकाला एक, तिथे सर बरोबर आहेत. पण कोणी ह्या टोकाकडून लावतो, कोणी त्या. जिथे पद्धत बदलते तिथे एक उरतेच. आणि घाणीला काय, तिला ना ह्या टोकाची ओढ ना त्या टोकाची. थर जिथे वरच्याशी जुळायचे सोडून खालच्याशी जुळायला लागतात, त्या सीमेवर एक वाट मोकळी राहते. दोन्ही पद्धती तोडीस तोड असल्या की ह्या मोकळ्या वाटा एकमेकींना भेटून कडेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. घाणीने कड मरत नाही, घाणीनेच ती मरायची वाचते.

बरोबर आहे का? तीनदा तपासलं. एक भोक आहे, 'तोडीस तोड' म्हणजे किती ते नीट मांडायला हवं. पण बरोबर आहे.

मी पीठ वाया घालवलं म्हणून आईने धपाटा घातला. खुशाल घाल म्हटलं.

११ डिसेंबर, शनिवार

दिवसभर मांडलं. भोक बुजतंय. जेवायला उठले तर चुलीवर भात करपलेला, आई जागेवर नाही. बऱ्याच वेळाने आली, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणे कपडे धुवायला. धुतलेले कपडे काही दिसले नाहीत. वाऱ्याने उडाले असतील. आते तिच्याकडे बघत होती. नणंद-भावजयीचं काहीतरी बिनसलं असेल, मला वेळ कुठाय.

१२ डिसेंबर, रविवार

कौल डावा पडला.

गुरवाने शिवेच्या दगडाला फुलांचे कळे पुन्हा लावले, पुन्हा डावा. "कोणीतरी शीव मोडल्यान," तो म्हणाला. आणखी एक दिवस बाहेर. बाबा तोंड पाडून परत आले, जन्मात ऐकलं नव्हतं ते बघावं लागलं.

आणि मला? खरं लिहू? मला हायसं वाटलं. माळावर जिथे रेंज येते तिथे जाऊन सरांना फोन लावला. म्हटलं, सर, प्रत गावात आहे आणि गाव बंद आहे, देव सोडत नाही. ते हसले. "किशोरी, देवाला सांग, विद्यापीठ त्याच्या कौलावर चालत नाही. उद्या प्रत आली नाही तर विषय संपला." मी तोऱ्यात म्हटलं, मग संपू दे, माझ्या हातात नाही. आणि ऐटीत खोपीकडे आले.

आई वाट बघत होती. तांदळाच्या गाठोड्यात हात घातला आणि सोनेरी अक्षरांची प्रत काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. संध्याकाळची गाडी धर."

ओलं लुगडं, करपलेला भात, सगळं एकदम कळलं. जन्मभर जिने देवाला विचारल्याशिवाय नवीन मडकंही चुलीवर ठेवलं नाही, ती व्हाळातून गावात गेली होती.

"तू शीव ओलांडलीस?"

"देवाक मी बघून घेतंय. तुका ह्या सोमवारच्या आदी व्हया होता मा? कौल उशिरान झालो तर गाडी चुकतली, म्हणान आधीच आणून ठेवलंय. पाच वर्सां तू जेवणार ना खाणार, केस गळले तुजे. आणि आता देव नको म्हणता म्हणान सोडून देतलंस?"

मी सांगितलं, आई, मला हे द्यायचंच नाहीये. ह्यात माझं चौथं नाही.

"मगे बांधलंस कित्याक?"

सकाळपर्यंत देव आडवा आला होता, त्याच्या पाठीमागे उभं राहून मी सरांना तोरा दाखवत होते. आता प्रत मांडीवर, गाडी संध्याकाळी, आड कोणी नाही. पहिल्या पानापासून लिहितेय नाही काढणार, नाही काढणार, आणि सोनेरी अक्षरं कोणी टाकून घेतली? मीच. आईला कळलं ते मला कळलं नव्हतं. मी कधीच हरले होते, फक्त वहीत लढत होते.

मी खूप रडले. आई म्हणाली रड, पण गाडी धर.

मग उठले आणि पुन्हा रेंजच्या जागी गेले. आई प्रत घेऊन मागोमाग. तिच्यासमोरच फोन लावला.

"सर, प्रत मिळाली."

"अरे वा. मग निघ."

"आणत नाही. चौथ्यासकट नवी पाठवते, सिद्धतेसह. सही करायची तर करा, नाही तर नका करू."

त्यांनी फोन ठेवला. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या तोंडातला घास काढून समुद्रात टाकला. "मी कोणासाठी शीव मोडलंय गो?" एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. सोनेरी प्रत तिच्याच काखेत राहिली. मागून हाक मारायचं धैर्य झालं नाही.

१३ डिसेंबर, सोमवार

आज सरांच्या टेबलावर माझी प्रत नाही. वाईट वाटतंय, खोटं का बोलू. पण परत विचारलं तरी तेच करेन.

सकाळी देवळाच्या वाटेवर, शिवेच्या दगडापाशी सगळे जमले. गावचे मानकरी हरिश्चंद्रकाका उभे राहिले. कौल घ्यायच्या आधी म्हणाले, ज्याने शीव मोडली त्याने आपणहून सांगावं, नाहीतर आणखी किती दिवस हा छळ. लहान पोरं रडत होती. आईचा चेहरा पांढराफटक. तिने पदर खोचला, मला कळलं ती उठणार. बाबांना तर काहीच माहीत नव्हतं.

तेवढ्यात शेवंती आते उठली.

"मी गेल्लंय. माजा मांजर ऱ्हवलेला आत, ताका आणूक."

तिचं मांजर गुरुवारपासून टोपलीत बसलेलं आहे, अर्ध्या गावाने बघितलंय. मीच ह्या वहीत लिहिलंय. हिराकाकी आभाळाकडे बघायला लागली.

हरिश्चंद्रकाका रागाने लाल झाले. "शेवंते, ह्याची शिक्षा माहीत आसा मा? पुढच्या गावपळणीक तुज्यावांगडा कोण चूल मांडूचो नाय."

आतेने कमरेवर हात ठेवले. "आणि आता कोण मांडता?"

आधी काशीराम हसला. मग हिराकाकी. मग सगळी शीव हसायला लागली, मानकऱ्यांचे नातूसुद्धा. शिक्षा म्हणून जे काढून घ्यायचं ते ह्या बाईकडे नव्हतंच कधी. शेवटी हरिश्चंद्रकाका एक नारळ ठेव म्हणाले. तिने दोन ठेवले. दुसरा कशाला विचारलं तर म्हणाली, असू दे, एक कमी पडायला नको. आई जमिनीकडे बघत होती.

गाऱ्हाणं घातलं. कळा उजवा पडला, ढोल वाजला, गाव घरी आला.

संध्याकाळी आई पाटावर बसून मासे करत होती. एकाएकी सगळ्यात मोठा सरंगा ताटात घालून आतेकडे घेऊन गेली. बराच वेळ आली नाही. नणंद-भावजय आयुष्यात कधी एवढ्या बोलल्या नसतील. आतेने असं का केलं, मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर मांजराचंच सांगेल.

१८ डिसेंबर

चारही प्रकरणं पाठवली. बायंडरने विचारलं, ह्या वेळी सोनेरी? म्हटलं, काळ्या शाईत चालतील, वाचता आली म्हणजे झालं. आई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. सोनेरी प्रत परत देवाच्या फळीवर आहे. मी हात लावलेला नाही.

३० डिसेंबर, गुरुवार

सरांचा फोन. उद्या त्यांचा शेवटचा दिवस. गोड बोलले नाहीत, म्हणून घाबरले नाही.

"सगळ्या जोड्या एकाच टोकापासून लावल्या तर?"

"तर कड मरते सर. लिहिलंय तसं. पण एकाच टोकापासून सुरुवात कर, असं घाणीला सांगणार कोण?"

बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज. मी माळावर, रेंज जाऊ नये म्हणून जागची हलले नाही.

"मला पटलेलं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"चूक सापडत नाही, पण पटलेलं नाही. सही करतो. पहिल्या पानावर लिही की चौथं प्रकरण मार्गदर्शकाला मान्य नाही. परीक्षकांसमोर एकटीने उभी राहा, मी तिथे नसणार."

"मोठ्या अक्षरांत लिहिते सर."

"मोठ्या नको," सर म्हणाले. "इतरांएवढ्याच."

घरी येऊन आईला सांगितलं. "मान्य नाय म्हणजे पास की नापास?" तिने विचारलं. म्हटलं, अजून ठरायचंय, पण आता माझं मी ठरवून घेईन. तिने हातातल्या मिरचीचं देठ काढलं. मग देवाच्या फळीवरची सोनेरी प्रत काढून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "ह्या घे तुजा. माका हळदीचो डबो ठेवक जागा होवची नाय." दोन आठवड्यांत पहिल्यांदा कामाबाहेर एवढं बोलली.

मग आतेकडे गेले. ती अंगणात सुकी मासळी उलटत होती, काणं मांजर पहाऱ्याला. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मान हलवली, जसं काही तिला आधीपासून ठाऊक होतं.

"आते, पुढच्या गावपळणीला मी आई-बाबांच्या खोपीत राहणार नाही. माझी खोप मी वेगळी घालणार."

"घाल की. कोण नको म्हणता?" ती म्हणाली. मग हातातली मासळी खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. "पण माज्या बाजूक घालू नको हां. नायतर आपली जुळी चूल होतली."

"दोन खोपी सोडून घालते," मी म्हटलं.

"मगे बरा," म्हणाली, आणि मला अर्धी मासळी उलटायला दिली.